साकुराजिमाचा जमाखर्च : कागोशिमाच्या आखातात चार दिवस

सह्याद्रीच्या घाटात लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेले दिसतात, पण ते खातं साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बंद झालं. जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाला, कागोशिमा शहरासमोर चारेक किलोमीटरांवर, तसंच एक खातं अजून चालू आहे. साकुराजिमा हा ज्वालामुखी 1955 पासून जवळजवळ अखंड धुमसतो आहे आणि समोरच्या किनाऱ्यावर सुमारे सहा लाख लोकांचं शहर वसलेलं आहे. फोटो काढून परतायचं असेल तर अर्धा दिवस पुरतो. डोंगर वाचायचा असेल तर चार दिवस हवेत. त्याचा बराचसा भाग डोंगरावर नाहीच. तो आखाताच्या पाण्याखाली, पलीकडच्या कड्यांत आणि शहराच्या पायाखालच्या मातीत आहे.

चार दिवसांचा क्रम मात्र वाऱ्यावर ठरतो. हिवाळ्यात वारे पश्चिमेकडून वाहतात आणि राख पूर्वेच्या ओसुमी द्वीपकल्पाकडे, म्हणजे तारुमिझूच्या बाजूला जाते. उन्हाळ्यात पूर्वेचा वारा लागला की तीच राख थेट शहरावर पडते. स्थानिक दूरचित्रवाणीवर हवामानाच्या बातम्यांत पावसाबरोबर ‘साकुराजिमावरच्या वाऱ्याची दिशा’ रोज सांगतात. कपडे बाहेर वाळत घालायचे की नाही ते घरोघरी त्यावर ठरतं, आणि आपण बेटाची कुठली बाजू आधी बघायची तेही. हवामान खातं राखेचा स्वतंत्र अंदाज देतं. तो सकाळी पाहायचा आणि दिवसांची अदलाबदल करायला तयार राहायचं. इथला क्रम हिवाळ्याचा आहे.

सामानात काय हवं? कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा, दोन-तीन मास्क, पाण्याची बाटली, कॅमेऱ्याच्या भिंगावरची धूळ उडवायला रबरी फुंकणी. ही राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ती काचेच्या आणि खनिजांच्या कंगोरेदार कणांची भुकटी असते. डोळा चोळला तर बुबुळावर ओरखडा, भिंग रुमालानं पुसलं तर भिंगावर ओरखडा. आधी फुंकायचं किंवा धुवायचं, पुसायचं नंतर. छत्री न्यावी. ऊन नाही, पाऊस नाही आणि रस्त्यावर उघडलेल्या छत्र्या, हे दृश्य कागोशिमात नवं नाही.

पहिला दिवस : पायाखालची राख

फुकुओका शहरातल्या हाकाता स्थानकाहून शिनकान्सेननं कागोशिमा-चूओ स्थानक साधारण दीड तासावर. तिथून ट्राम घ्यायची आणि पहिली भेट शिरोयामा टेकडीला द्यायची. उंची 107 मीटर, वरून आखात आणि साकुराजिमा समोरासमोर. पाहुण्यांची नजर तिथे समोरच्या डोंगरावर खिळते, पण पहिला पुरावा ते उभे असतात त्या टेकडीतच आहे. वर जाताना रस्त्याच्या कडेला जिथे दरड कापलेली दिसेल तिथे थांबा. फिकट राखाडी, जवळजवळ पांढरी, ठिसूळ माती. नखानं खरवडता येते आणि मधूनच प्युमिसचे हलके, फेसासारखे गोटे निघतात. तिला इथे ‘शिरासू’ म्हणतात.

साधारण 30,000 वर्षांपूर्वी समोरच्या आखाताच्या जागी एक प्रचंड उद्रेक झाला. आधी प्युमिसचा पाऊस पडला, मग तापलेल्या राखेचे आणि वायूंचे लोट जमिनीला लगटून चहूकडे धावले. शेकडो घन किलोमीटर ऐवज बाहेर पडल्यावर खालच्या शिलारसाच्या साठ्याचं छप्पर खचलं आणि सुमारे 20 किलोमीटर रुंदीचा खड्डा तयार झाला. तोच ऐरा काल्डेरा. पुढे त्यात समुद्र शिरला. कागोशिमा आखाताचं वरचं टोक म्हणजे हा खड्डा. त्याची बारीक राख टोकियोजवळच्या तांझावा डोंगरांत आधी सापडली होती. ती कुठून आली हे 1970 च्या दशकात उलगडलं तेव्हा तिला ‘ऐरा-तांझावा’ असं जोडनाव मिळालं. जपानी पुरातत्त्वज्ञ आजही त्या थराच्या वर-खाली काय सापडलं यावरून दगडी हत्यारांचं वय लावतात.

शिरासूचे दोन गुण लक्षात ठेवले की या प्रांताची शेती, बांधकाम आणि आपत्ती यांचा अर्थ लागतो. कोरडा असताना तो उभ्या भिंतीसारखा टिकतो, आणि त्यात कुदळीनं गुहा खोदता येते. 1877 च्या सप्टेंबरात बंडखोर सामुराई नेता सैगो ताकामोरीनं अखेरचे दिवस काढले त्या गुहा याच टेकडीच्या शिरासूत आहेत. पाणी मुरलं की मात्र कण एकमेकांना सोडतात आणि अख्खी दरड खाली बसते. ऑगस्ट 1993 च्या अतिवृष्टीत कागोशिमाभोवती असंच घडलं. आपल्याकडे दरड कापताना उतार देतात; इथे उताराला पाऊस जास्त लागून घळी पडतात म्हणून शिरासूचे कडे बऱ्याच ठिकाणी मुद्दाम उभे ठेवलेले दिसतात. पाणी धरत नसल्यानं या पठारावर भात नीट येत नाही, रताळं येतं. म्हणून उरलेल्या जपानची ओळख तांदळाची साके असली तरी कागोशिमाची ओळख रताळ्याची शोचू ही दारू.

दुपारी सेंगान-एन. 1658 मध्ये शिमाझू सरदार घराण्यानं बांधलेली ही बाग. बागेत टेकडी आणि तळं वेगळं करायची गरज पडली नाही, समोरचा डोंगर आणि आखातच उसनं घेतलं. बाग सुंदर आहे, पण वेळ कमी असेल तर ती सोडा आणि फेरीच्या धक्क्याजवळच्या मत्स्यालयात जा. तिथे एका टाकीत पांढऱ्या नळ्यांचा झुबका दिसेल. हे नळीकिडे आखातात सुमारे 80 मीटर खोलीवर सापडले. त्यांना तोंड नाही, आतडं नाही. समुद्रतळातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडवर जगणारे जिवाणू त्यांच्या अंगात असतात आणि ते यांना पोसतात. असे जीव एरवी खोल महासागरात मिळतात. शहराच्या इतक्या जवळ ते जगतात, कारण खड्ड्याच्या तळातून वायू अजून निघतो आहे.

दुसरा दिवस : पश्चिम बाजू आणि 1914

शहराच्या धक्क्यावरून साकुराजिमाची फेरी सुटते. दिवसा थोड्याथोड्या वेळानं एक, प्रवास 15 मिनिटांचा, गाडीही नेता येते. फेरीवर उदोन नूडल्स मिळतात आणि लोक त्या 15 मिनिटांत वाटी संपवतातही. शाकाहारी मंडळींनी एवढं ध्यानात ठेवावं, की रस्सा वाळवलेल्या बोनिटो माशाचा असतो. वरून कितीही निरुपद्रवी दिसला तरी. चढल्यावर डाव्या हाताला, उत्तरेकडे उभं राहा. समोरचं रुंद पाणी म्हणजे काल्डेरा. साकुराजिमा त्याच्या दक्षिण काठावर सुमारे 26,000 वर्षांपूर्वी उगवलेलं पोर आहे. तीन शिखरं एका रांगेत: उत्तरेचं कितादाके 1,117 मीटर, मधलं नाकादाके, दक्षिणेचं मिनामिदाके. कितादाके सुमारे 5,000 वर्षांपूर्वी शांत झालं. सध्याचा सगळा कारभार मिनामिदाके आणि त्याच्या पूर्व अंगावरच्या शोवा मुखातून चालतो.

बेटावर उतरलं की एक नियम सगळ्यात आधी. मिनामिदाके आणि शोवा मुखापासून साधारण 2 किलोमीटरांच्या आत प्रवेश नाही. इथे चढाई नसते आणि शिखरावर नेणारी कुठलीही वाट शोधायची नसते. हवामान खात्याची सूचना 1 ते 5 अशा पातळ्यांत असते. साकुराजिमा बहुतेक काळ 3 वर असतो, म्हणजे ‘डोंगरावर जाऊ नका’. 24 जुलै 2022 च्या रात्री ती थेट 5 झाली होती. दगड मुखापासून अडीच किलोमीटरांवर पडले, दक्षिणेच्या वस्त्यांतल्या 51 लोकांना हलवलं, आणि तीन दिवसांत पातळी परत 3 वर आली.

धक्क्यापासून चालत काही मिनिटांवर नागिसा उद्यान आहे. तिथे सुमारे 100 मीटर लांबीचं गरम पाण्याचं पायकुंड आहे. त्यात बसायचा मोह परतीसाठी राखून ठेवा. इथून कारासुजिमापर्यंत 3 किलोमीटरांची पायवाट 1914 च्या लाव्ह्यावरून जाते. रमतगमत दीड तास. चपला नकोत, जाड तळाचे बूट हवेत.

हा लाव्हा सह्याद्रीच्या लाव्ह्यासारखा मुळीच दिसत नाही, आणि फरक कळायला रसायनातला एक आकडा पुरतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये सिलिका साधारण 50 टक्के. तो मधासारखा पातळ वाहिला, म्हणून आपल्याकडे मैलोन्‌मैल सपाट थर आहेत. साकुराजिमाचा लाव्हा अँडेसाइट प्रकारचा, त्यात ती 60 टक्क्यांच्या आसपास. सिलिका वाढली की शिलारस घट्ट होतो. तो वाहतो तो कवच फुटत, स्वतःच्याच ढेकळांवरून रखडत. म्हणून इथे खोलीएवढे, धारदार कडांचे ठोकळे एकमेकांवर रचलेले दिसतात. एखादी ताजी तुटलेली बाजू उन्हात धरली तर काळ्या पोतात पांढरे चौकोनी ठिपके चमकतात, ते प्लॅजिओक्लेजचे स्फटिक. हिरवट-काळे कण पायरॉक्सीनचे. स्फटिक मोठे वाढलेले आहेत याचा अर्थ शिलारस वर येण्याआधी खाली बराच काळ मुरत पडला होता. दगड खिशात टाकू नका, हा सगळा भाग राष्ट्रीय उद्यानात आहे.

वाट संपते तिथे कारासुजिमा. नाव बेटाचं आहे, पण बेट दिसणार नाही. 1914 पर्यंत किनाऱ्यापासून 500 मीटरांवर, पाण्यात, 20 मीटर उंचीचं हे खडकाळ बेट होतं. आता ते तुमच्या पायाखाली आहे.

1914 चा क्रम तपशिलात समजून घेण्यासारखा आहे, कारण इथल्या लोकांची आजची तयारी त्यावरच बेतली आहे. 11 जानेवारीच्या पहाटेपासून भूकंपांची रांग लागली. कागोशिमातल्या एकमेव भूकंपमापकानं पुढच्या सुमारे 30 तासांत 400 हून जास्त धक्के नोंदले. बेटावर विहिरींचं पाणी बदललं, किनाऱ्यावर उकळतं पाणी फुटलं. 12 तारखेला सकाळी 10 वाजून 5 मिनिटांनी पश्चिम उतार फुटला आणि दहाएक मिनिटांत पूर्व उतारही. म्हणजे शिखर फुटलं नाही. डोंगराच्या दोन्ही कुशींना, एका सरळ रेषेत भेगा पडल्या. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास 7.1 तीव्रतेचा भूकंप झाला. 13 च्या रात्रीपासून लाव्हा वाहू लागला. एकूण 58 मृत आणि बेपत्ता, त्यातले जवळपास निम्मे या भूकंपात, म्हणजे बेटावर नव्हे तर समोरच्या किनाऱ्यावर गेले. बेटावर तेव्हा सुमारे 21,000 लोक होते आणि बहुतेक जण आपल्या नाहीतर शेजारच्या गावच्या होड्यांतून आधीच निघून गेले होते. हा त्या दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. तो नेहमी मृतांच्या आकड्यामागे झाकला जातो.

दुपारनंतर बसनं युनोहिरा. उंची 373 मीटर, सर्वसामान्यांना जाता येतं असं बेटावरचं सगळ्यात उंच ठिकाण. बेटाच्या पश्चिम भागात फिरणारी पर्यटक बस कारासुजिमा आणि आकामिझूमार्गे इथे येते आणि बघण्याच्या जागी काही मिनिटं थांबते. युनोहिरावर एक फसगत होते: समोर जो खाचाखळग्यांचा कडा दिसतो तो कितादाकेचा. जिवंत मुख त्याच्या मागे आहे, दिसतो तो फक्त वर येणारा धूर. पण कड्यावरच्या घळी मात्र इथूनच नीट दिसतात. सतत पडणाऱ्या राखेमुळे झाडी धरत नाही, आणि झाडी नसल्यानं प्रत्येक पाऊस डोंगर थोडाथोडा खाली घेऊन येतो. त्याचं पुढे काय होतं ते तिसऱ्या दिवशी.

तिसरा दिवस : दक्षिण आणि पूर्व

आजचा पल्ला भाड्याच्या गाडीनं करावा. बेटाभोवतीचा रस्ता सुमारे 36 किलोमीटरांचा आहे. पूर्वेकडे बस फार कमी, आणि सायकलनं दक्षिण बाजूचे चढउतार राख पडत असताना नकोसे होतात. गाडीसाठी सूचना एकच, पण पक्की: काचेवर राख असेल तर आधी भरपूर पाणी मारा, मगच वायपर. कोरडा वायपर फिरवला की काचेवर कायमचा अर्धवर्तुळाकार धुरकट पट्टा उमटतो, आणि त्याचे पैसे आपल्याकडून जातात. राखेत पाणी मिसळलं की रस्ता चिखलासारखा निसरडा होतो. पांढरे पट्टे दिसेनासे होतात. वेग निम्म्यावर आणा.

पहिला थांबा नोजिरी नदी. नदी म्हणावं तर पाणी नाही. डोंगरापासून समुद्रापर्यंत ओढलेली, काँक्रीटनं अस्तर केलेली रुंद सरळ नाली, आणि वरच्या अंगाला एकामागून एक बंधारे. पाऊस झाला की उतारावरची राख, दगड आणि पाणी यांचा मिळून ओल्या काँक्रीटसारखा लोंढा येतो. त्याच्या तोंडाशी मोठाले धोंडे असतात, कारण मोठे दगड लोंढ्याच्या वर आणि पुढे ढकलले जातात. पुराच्या पाण्यात धोंडे तळाशी राहतात, इथे उलटं. नालीवर आडव्या ताणलेल्या तारा लोंढ्यानं तुटल्या की खाली इशारा जातो. बंधारे साधे वाटतात, पण त्यांची खरी अडचण भरण्याची आहे: गाळ साचला की उपसावाच लागतो, नाहीतर पुढचा लोंढा त्यावरून सरळ जातो. ऊन पडलेलं असलं तरी पात्रात उतरू नका. वर शिखरावर पाऊस पडत असेल तर खाली पत्ता लागत नाही.

पुढे फुरुसातो. गरम पाण्याच्या झऱ्यांची ही वस्ती मुखाच्या सगळ्यात जवळच्या वस्त्यांपैकी एक. नोव्हेंबर 1986 मध्ये सुमारे 2 मीटर व्यासाचा दगड इथल्या एका हॉटेलवर कोसळून सहा जण जखमी झाले. जून 2020 मध्येही एक मोठा दगड मुखापासून 3 किलोमीटरांवर, घरांपासून फार लांब नाही अशा जागी पडला. म्हणून रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर काँक्रीटचे निवारे आहेत, शाळकरी मुलं हेल्मेट घालून जातात, आणि काही कबरींवरही छप्पर असतं. ते दगडांसाठी नाही, राखेसाठी. पूर्वजांची जागा रोज झाडावी लागू नये म्हणून.

आरिमुरा हे 1914 च्या लाव्ह्यावर बांधलेलं निरीक्षणस्थळ. सुमारे 1 किलोमीटरची वाट, दुतर्फा काळे पाइन वृक्ष, आणि समोर मिनामिदाकेचा दक्षिण उतार, तीनेक किलोमीटरांवर. उद्रेक बघायला बेटावर याहून चांगली जागा नाही. थांबायचं असेल तर दोन तास थांबा, आणि आल्याबरोबर निवारा कुठे आहे ते पाहून ठेवा.

इथला उद्रेक कसा घडतो? मुखाच्या नळीत वरचा शिलारस गार होऊन बूच बसतं. खालून वायू येत राहतात, बुचाखाली दाब चढतो. डोंगर अगदी किंचित फुगतो. तो इतका कमी, की डोळ्याला काय, साध्या उपकरणालाही कळणार नाही. पण आरिमुरा आणि हारुतायामा इथे जमिनीखालच्या बोगद्यांत कल मोजणारी आणि ताण मोजणारी उपकरणं आहेत. कित्येक उद्रेकांच्या आधी काही मिनिटं ते काही तास ती फुगवटा दाखवतात, आणि उद्रेक झाला की रेघ झटकन खाली येते. मग बूच फुटतं: आधी धुराची काळी फुलकोबी वर येते, आणि आवाज नंतर. 3 किलोमीटरांवर आवाजाला सुमारे 9 सेकंद लागतात, शहरात पोचायला 30 च्या आसपास. आवाजाबरोबर येणारा हवेचा धक्का खिडक्या हलवतो. शहरात काही वेळा काहीच दिसत नाही आणि फक्त तावदानं खडखडतात. जवळ असताना धूर वर आला की पाठ फिरवून पळू नका. दगड कुठे येताहेत ते वर बघत निवाऱ्याकडे सरका.

किती उद्रेक होतात? हवामान खातं ‘स्फोट’ मोजतं तेव्हा फक्त ठरावीक मर्यादेवरचे धरतं. 1985 मध्ये तशा 474 ची नोंद आहे. 2011 मध्ये 996. आकडे पाहून 2011 दुप्पट वाईट वाटतं. प्रत्यक्षात शहरासाठी 1985 कितीतरी वाईट होतं. त्या वर्षी कागोशिमाच्या वेधशाळेत दर चौरस मीटरवर सुमारे 16 किलो राख जमा झाली. 2006 मध्ये पुन्हा जागं झालेलं शोवा मुख स्फोट जास्त करत होतं, पण एकेका स्फोटातला माल कमी. स्फोटांच्या संख्येवरून डोंगर ‘वाढला’ की ‘घटला’ हे ठरवणं म्हणजे चेकची संख्या मोजून बँकेतली रक्कम सांगणं.

दुपारी कुरोकामी. शिंतो देवळापुढच्या दगडी तोरी कमानीचा फक्त वरचा मीटरभर भाग जमिनीबाहेर आहे. मूळ कमान 3 मीटर उंच. उरलेले 2 मीटर 1914 च्या प्युमिस आणि राखेत, एका दिवसात गाडले गेले. गावानं उकरायला घेतलं होतं. पण पुढच्यांना कळावं म्हणून ती तशीच ठेवा असं तेव्हाच्या गावप्रमुखानं सांगितलं. गाडलेल्या कमानीच्या आडव्या दगडावर हात ठेवता येतो. इथूनच मागे वळून पाहिलं की शोवा मुख समोर दिसतं; 1946 मध्ये लाव्हा त्याच उतारावरून या बाजूला आला.

कुरोकामी ते आरिमुरा हा रस्ता झाडं बघत करावा. 1946 च्या लाव्ह्यावर अजून शेवाळ, गवत, विरळ झुडपं आणि खुरटे पाइन. 1914 च्या लाव्ह्यावर पाइनची दाटी. बेटाच्या कडेला 1779 आणि 1471-76 चे लाव्हा आहेत, तिथे तर सदाहरित रुंद पानांचं घनदाट रान आहे आणि खडक शोधावा लागतो. चार उद्रेक, चार वयांची जंगलं. रस्त्यावरून जाताना हिरवाईच्या दाटीवरून लाव्ह्याचं वय सांगता येतं. त्याच क्रमानं लाव्ह्यातली सिलिका साधारणपणे कमी होत गेली आहे: पंधराव्या शतकात 66 टक्क्यांच्या आसपास, 1914 मध्ये 60 च्या आसपास. म्हणजे खालून नवा, पातळ शिलारस जुन्या साठ्यात मिसळतो आहे.

परतताना पूर्व साकुराजिमाच्या प्राथमिक शाळेच्या आवारातला दगडी स्तंभ चुकवू नका. 1914 मध्ये बेटावरून ‘उद्रेक होणार का’ अशी विचारणा वेधशाळेकडे वारंवार झाली आणि ‘साकुराजिमावर उद्रेक नाही’ असं उत्तर आलं. एका भूकंपमापकावरून धक्क्यांची जागा ठरत नाही, दुष्टावा त्यात नव्हता. पण विश्वास ठेवून थांबलेल्यांना शेवटी जानेवारीच्या समुद्रात उड्या घ्याव्या लागल्या. 1924 मध्ये उभारलेल्या या स्तंभावर लिहिलं आहे, त्याचा आशय असा: सिद्धांतावर विसंबू नका, काही वेगळं जाणवलं तर आधीच निघायची तयारी करा, आणि गाठीला पैसा ठेवा. शेवटची सूचना विशेष पटते. 1914 नंतर गाव गमावलेल्या कुटुंबांना तानेगाशिमासारख्या दूरच्या ठिकाणी नव्यानं शेत काढावं लागलं होतं. आज दरवर्षी अख्ख्या बेटाचा बाहेर पडण्याचा सराव होतो.

चौथा दिवस : पलीकडचा काठ

कुरोकामीहून दक्षिणेला आलं की सेतो. रस्ता इथे नकळत बेटावरून मुख्य भूमीवर जातो. पूल नाही, पाणी नाही. 1914 च्या आधी इथे सुमारे 400 मीटर रुंदीची आणि 70 मीटरांहून खोल सामुद्रधुनी होती. पूर्व उतारावरचा लाव्हा तिच्यात उतरत राहिला आणि जानेवारीच्या अखेरीस साकुराजिमा बेट राहिलं नाही. नाव मात्र ‘जिमा’, म्हणजे बेट, हेच चालू आहे.

उत्तरेला वळून उशिने-फुमोतोला थांबा. इनारी देवळाची कमान इथेही अर्धी गाडलेली आहे, आणि ही कुरोकामीइतकी कुणाला ठाऊक नाही. 1914 ची राख पश्चिमेच्या वाऱ्यानं इकडे किती आली ते ती सांगते. पुढे किनाऱ्यानं फुकुयामापर्यंत गेलं की डाव्या हाताला शांत पाणी आणि उजव्या हाताला एकदम उभा चढ. हा चढ म्हणजे काल्डेराची आतली भिंत. तिच्या पायथ्याशी उघड्या आवारात काळ्या मडक्यांच्या रांगा लागलेल्या दिसतील. 54 लिटरच्या मडक्यात तांदूळ, आंबवण आणि पाणी. त्यातून महिनोन्‌महिने उन्हात काळा व्हिनेगर पिकतो. हवामान उबदार राहायला ही भिंत मदत करते.

समोरच्या पाण्यात, साकुराजिमाच्या ईशान्येला, आणखी एक जमाखर्च आहे. 1779 च्या उद्रेकात 150 हून अधिक माणसं गेली. तो जमिनीवर थांबला नाही. पुढची दोनेक वर्षं अधूनमधून समुद्राच्या तळाशी चालू राहिला आणि पाण्यातून बेटं वर आली. काही पुन्हा बुडाली. सगळ्यात मोठं शिन्जिमा अजून आहे, आणि त्याच्या कड्यांत समुद्रतळाचा गाळ आणि शिंपले सापडतात, कारण ते लाव्ह्याचं बनलेलं नाही. खालून शिलारसानं तळच वर उचलला. जवळच वाकामिको नावाचा पाण्याखालचा लहान काल्डेरा आहे, तळ 200 मीटरांवर. तिथून येणारे बुडबुडे शांत दिवशी पाण्यावर दिसतात. मच्छीमार त्यांना ‘तागिरी’ म्हणतात, म्हणजे उकळी. पहिल्या दिवशी मत्स्यालयात पाहिलेले नळीकिडे याच आखाताच्या तळाशी राहतात.

आता ताळेबंद. 1914 नंतर पातळीचं मोजमाप पुन्हा घेतलं तेव्हा आखाताभोवतीची जमीन खचलेली आढळली, आणि खचण्याचा मध्य डोंगराखाली नव्हता. तो उत्तरेला, या पाण्याखाली होता. जपानी भूकंपशास्त्रज्ञ कियो मोगी यांनी 1958 मध्ये त्याच मोजमापांवरून शिलारसाच्या साठ्याची खोली काढली, सुमारे 10 किलोमीटर. जमिनीच्या फुगण्या-खचण्यावरून शिलारसाची जागा शोधायचं त्यांचं ते साधं गणित आज जगभरच्या ज्वालामुखींवर वापरतात. डोंगराखाली चारेक किलोमीटरांवर आणखी एक छोटा साठा आहे. रोजचा खर्च त्यातून होतो आणि त्याची भरती मोठ्या साठ्यातून. 2016 च्या एका अभ्यासानुसार मोठ्या साठ्यात दरवर्षी सुमारे 1.4 कोटी घनमीटर शिलारस येतो, आणि 1914 एवढा साठा पुन्हा व्हायला सुमारे 130 वर्षं लागतात. ही तारीख नव्हे. टाकी भरली म्हणून त्याच दिवशी ती फुटते असं नाही. पण रोजच्या धुरामुळे ‘दाब निघून जातो, चांगलंच आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी उत्तर इथे आहे: जमिनीची पातळी वर येतेच आहे, कारण जमा खर्चापेक्षा जास्त आहे.

परतीला तारुमिझूच्या धक्क्यावरून कामोइकेची फेरी घ्यावी, पाऊणेक तासाचा प्रवास. गाडीवरची राख धक्क्यावर झाडून गटारात लोटू नका. ती ओली झाली की घट्ट बसते आणि गटार तुंबतं. शहरात यासाठी महापालिका पिवळ्या पिशव्या देते. त्यात राख भरून ठरलेल्या जागी ठेवली की ट्रक येऊन नेतो. फेरीवर उजव्या बाजूला उभं राहा. मिनामिदाकेचा दक्षिण उतार संपूर्ण दिसतो. अंधार पडला असेल, ढग नसतील आणि मुखात ताजा शिलारस वर आलेला असेल, तर धुराच्या पोटात अंधुक लाल उजेड दिसतो. डोळा अंधाराला सरावायला दहा मिनिटं लागतात, तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवावा.